पाठीतली नळी की पोटातली सुई?

प्रश्न : बाबांच्या आतड्याचं ऑपरेशन वर्ध्याला आहे. दुखू नये म्हणून पाठीत नळी घालणार. काकू म्हणते, कंबर जन्मभर दुखते. पोटातल्या सुईवर भागणार नाही का? – एक वाचक, आर्वी तालुका

उत्तर : कंबरदुखीचं खापर या नळीवर मी रोजच फुटताना पाहतो! पाठीतली ही एपिड्युरलची नळी उदबत्तीच्या काडीहून बारीक. तिच्यातून दोन-तीन दिवस औषध देता येतं, आतली कळही दबते. मात्र बीपी उतरू शकतं, लघवी अडू शकते. रात्री लक्ष ठेवणारी सिस्टर हवी. पोटातली सुई म्हणजे टॅप ब्लॉक, बधिर करायचं इंजेक्शन. ते सोनोग्राफीत बघून पोटाच्या स्नायूंच्या थरांत देतात. त्यानं टाक्यांची जागा बधिर होते, आतड्याची कळ राहते. असरही साधारण अर्धा दिवस. दुर्बिणीतून ऑपरेशन असेल तर बहुधा पुरेल. बाबा रक्त पातळ करायची गोळी घेतात का? पाठीत नळी घालण्याआधी डॉक्टरांना ते कळायलाच हवं. गोळ्यांची पाकिटंच पिशवीत घालून न्या.