आयकॅनला टक्कर देणारी पर्यायी डोमेन व्यवस्था उभी करायची असेल, तर रणनीती काय असावी?

तुम्ही विचारलंय की तंत्रज्ञान तयार असेल, तर लोकांना आयकॅनकडून (इंटरनेटवरच्या डोमेन नावांचा जागतिक कारभार पाहणारी संस्था) आपल्याकडे कसं वळवायचं. माझं मत विचाराल, तर वळवायच्या भानगडीत पडूच नका.

आयकॅनचं बळ आहे डीफॉल्ट सेटिंगमध्ये. जगातले जवळजवळ सगळे रिझॉल्व्हर (नावावरून साइटचा पत्ता शोधणारे सर्व्हर) त्याच तेरा रूट सर्व्हरांची, म्हणजे सगळ्या नावांच्या मुळाशी असलेल्या सर्व्हरांची, यादी घेऊन सुरू होतात आणि सामान्य माणूस ती सेटिंग आयुष्यात कधी उघडत नाही. स्वतःचा रूट चालवणं अवघड नाही, ओपननिक हा गट २००० सालापासून चालवतोय. पण त्यातलं नाव मी तुम्हाला पाठवलं आणि तुमच्याकडे ते उघडलंच नाही, तर त्या नावाचा उपयोग काय?

न्यू.नेट या कंपनीने २००१मध्ये ब्राउझरचं प्लगइन आणि इंटरनेट सेवा देणाऱ्या कंपन्यांशी करार, अशा दोन्ही वाटांनी हे करून पाहिलं. डॉट शॉपसारखी नावं विकली. पुढे आयकॅनच्या रूटमध्ये अधिकृत डॉट शॉप आलं. जुन्या गिऱ्हाइकांच्या हातात काय उरलं, ते सांगायला नको. आव्हानवीरांचे आपसातही खटके उडतात: एमरकॉइन ही ब्लॉकचेनवरची व्यवस्था डॉट कॉइन आधीपासून वापरत होती, म्हणून तशीच नावं विकणाऱ्या अनस्टॉपेबल डोमेन्स कंपनीला २०२२मध्ये आपलं डॉट कॉइन बंद करावं लागलं. हँडशेक या आणखी एका पर्यायी व्यवस्थेने सध्याची सगळी टॉप लेव्हल डोमेन (डॉट कॉम, डॉट इनसारखी नावांची शेपटं) आधीच राखून ठेवली, हे शहाणपणाचं होतं. तरी नेहमीचे ब्राउझर त्याची नावं ओळखत नाहीत आणि साइट खरी असल्याचं सर्टिफिकेट देणाऱ्या, ब्राउझर ज्यांच्यावर विश्वास ठेवतात अशा संस्था या नावांना सर्टिफिकेटही देत नाहीत.

नेमकॉइन या ब्लॉकचेनवरच्या नाव-व्यवस्थेची गोष्ट तर फारच बोलकी आहे. २०१५च्या एका अभ्यासात सुमारे १,२०,००० नोंदलेल्या नावांपैकी खरोखर वापरात असलेली निघाली फक्त २८! बाकीची अडवून ठेवलेली किंवा नुसती पडून. नाव स्वस्त आणि वापरायला जागा नाही, म्हटल्यावर दुसरं काय होणार?

टिकलं ते डॉट अनियन, म्हणजे टॉर या ओळख लपवणाऱ्या नेटवर्कवरची नावं. त्याला कुणाचं गिऱ्हाईक पळवायचं नव्हतं. सर्व्हरचा ठावठिकाणा लपवायचा होता, आणि हे काम नेहमीच्या डीएनएसने (नावावरून पत्ता शोधणाऱ्या सध्याच्या व्यवस्थेने) होण्यासारखं नाही. सोबत स्वतःचा टॉर ब्राउझर होता, नावं फुकट होती (लक्षात ठेवायला भयंकर, पण वापरणाऱ्यांना लपण्याची ही सोय हवीच असते). २०१५मध्ये आयईटीएफने (इंटरनेटची तांत्रिक मानकं ठरवणारी संस्था) ते राखीव करून टाकलं, म्हणजे आयकॅन आता ते कुणाला विकणार नाही.

तेव्हा आधी अशी गरज शोधा जी सध्याचं डीएनएस भागवूच शकत नाही, आणि ती भागवणारं ॲप स्वतः बनवा. नावं डॉट अल्टखाली ठेवा. डीएनएसबाहेरच्या व्यवस्थांसाठी ते २०२३पासून राखीव आहे, तिथे आयकॅनशी टक्कर व्हायची भीती नाही. तुमचे गुंतवणूकदार म्हणतील, शेपटाला डॉट अल्ट लावलेलं नाव कोण विकत घेणार? घेणार नाहीत. म्हणून पैसा ॲपमधून काढायचा, नावांमधून नाही. हे त्यांना मान्य नसेल, तर त्यांना नावांचा व्यापार करायचाय आणि त्यासाठी आयकॅनचं रजिस्ट्रार (नावं विकणारी मान्यताप्राप्त कंपनी) होणं कितीतरी सोपं पडेल.