लॅमिंग्टन रोडवर गाळा घेण्याआधी हा हिशेब मांडा

तुम्ही विचारलंय की १० लाखांत मुंबईतल्या लॅमिंग्टन रोडवर, म्हणजे कॉम्प्युटर पार्टच्या बाजारात, भाड्याने गाळा घेऊन असेंबल्ड पीसी आणि सुट्या पार्टचं दुकान टाकलं तर काय सुटेल. माझं मत स्पष्ट आहे: धंदा करा, गाळा घेऊ नका. पार्टवर सुटतं इतकं थोडं, की त्यात भाडं निघणं कठीण.

एका ग्राफिक्स कार्डावर ३ टक्के सुटतात असं धरू. खरेदी ४८,५०० अधिक १८ टक्के जीएसटी ८,७३०, म्हणजे गेले ५७,२३०. विक्री ५०,००० अधिक ९,०००, आले ५९,०००. गल्ल्यात १,७७० जास्त दिसतात, पण त्यातले २७० सरकारचे. तुमचे १,५००. गिऱ्हाइकाने क्रेडिट कार्ड घासलं आणि मशीनचा दर २ टक्के असेल, तर तो पूर्ण ५९,००० वर लागतो. १,१८० गेले, उरले ३२०. बँक खात्यातून यूपीआय केलं तर ही कात्री लागत नाही. माल ४५ दिवस पडून राहिला आणि पैसा १२ टक्के व्याजाचा असेल, तर आणखी साधारण ८५० गेले. सप्लायरने बिल जीएसटी रिटर्नमध्ये दाखवलंच नाही, तर तुमच्या जीएसटीआर-२बी या पत्रकात खरेदीवर भरलेल्या कराचं क्रेडिट येत नाही आणि ८,७३० अडकतात. जवळजवळ सहा कार्डांचा नफा झाला तो. म्हणून दोनशे रुपये स्वस्त मिळतंय म्हणून अनोळखी माणसाकडून माल उचलू नका.

भाव पडला तर स्टॉक तुमच्या गळ्यात. सप्टेंबर २०२२ मध्ये इथेरियम या क्रिप्टो चलनाचं मायनिंग (ग्राफिक्स कार्डांवर नाणी कमावणं) बंद झाल्यावर वापरलेली कार्डं बाजारात आली, तेव्हा चढ्या भावात माल भरलेले अडकले. सध्या रॅमचं उलट आहे, भाव चढतोय. एआय सर्व्हरची मागणी इतकी, की रॅम बनवणाऱ्या मायक्रॉनने डिसेंबर २०२५ मध्ये क्रुशियल हा ग्राहकांसाठीचा ब्रँड बंद करत असल्याचं जाहीर केलं. त्यामुळे रॅम-एसएसडीचं कोटेशन त्याच दिवसापुरतं द्या, ॲडव्हान्स घेऊन लगेच माल बुक करा.

सगळ्यात जास्त भांडणं मदरबोर्डवरून होतात. इंटेलच्या एलजीए आणि एएमडीच्या एएम५ प्रकारच्या बोर्डांत पिना सॉकेटमध्ये, म्हणजे प्रोसेसर बसतो त्या खाचेत असतात. एक वाकली तरी सर्व्हिस सेंटर 'फिजिकल डॅमेज' म्हणून परत पाठवतं. देताना गिऱ्हाइकासमोर सॉकेटचं झाकण उघडा, पिना आणि सीरियल नंबर एकाच फोटोत घ्या, नंबर बिलावर लिहा. झाकण फेकू नका, वॉरंटीला पाठवताना ते लागतं. 'डिस्प्ले येत नाही' म्हणून परत आलेला प्रत्येक बोर्ड मेलेला नसतो. जुन्या बायोसच्या (बोर्डातलं मूळ सॉफ्टवेअर) एएमडी बी६५० बोर्डावर रायझन ९००० प्रोसेसर लावला की असंच होतं. बायोस फ्लॅशबॅकचं बटण असेल तर पेनड्राइव्हने बायोस नवा करून काम भागतं.

कमाई केबल, कॅबिनेट, एसएमपीएसवर (पीसीचा पॉवर सप्लाय) बरी, आणि मजुरी-एएमसीवर (वार्षिक देखभालीचा करार) खरी. विंडोज १० चा नियमित सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, आणि विंडोज ११ ला चालणाऱ्या प्रोसेसरांच्या यादीत इंटेलची सातवी पिढी जवळपास नाहीच. दादर-ठाण्याच्या सीए ऑफिसांत अशी मशीन अजून चालू आहेत. सहाव्या-सातव्या पिढीत डीडीआर४ रॅम असेल, तर डीडीआर४ चा एच६१० मदरबोर्ड आणि इंटेलचा आय३-१२१०० प्रोसेसर टाका. रॅम, एसएसडी तेच राहतात आणि आजच्या भावात तीच मोठी बचत. फक्त मशीन ब्रँडेड असेल तर आधी उघडून बघा. त्यांचे एसएमपीएसचे कनेक्टर आणि कॅबिनेटची मापं बऱ्याचदा वेगळी असतात, मग दोन्ही बदलावी लागतात आणि कोटेशन कोसळतं.

डोंबिवलीतून, बोरिवलीतून घरून हे जमतं. सकाळी ऑर्डर पक्की करा, दुपारी ग्रँट रोडला उतरून माल घ्या. स्टॉक स्टँडबायपुरताच, म्हणजे अडल्या वेळी तात्पुरतं लावून द्यायला ठेवा: दोन एसएमपीएस, डीडीआर४ आणि डीडीआर५ ची एकेक जोडी, एक साधं ग्राफिक्स कार्ड, दोन एसएसडी. बाकीचे पैसे एएमसीवाल्या ऑफिसांच्या उधारीसाठी राखून ठेवा, कारण पेमेंट सहसा महिना उलटल्यावरच येतं.