सुलेखनाचा छंद लावून घ्यायचाय, पण हस्ताक्षर वाईट आहे आणि कागदावर शाई फुटते. सुरुवात कुठून करू?

हस्ताक्षर चांगलं नसताना सुलेखन जमेल का, विकत घेतलेल्या संचातल्या कट निबने (सपाट कापलेल्या, रुंद टोकाच्या निबने) देवनागरी काढली की अक्षर परकं का दिसतं, शाई का फुटते आणि शुभेच्छापत्र किंवा नावाची पाटी करण्याइतका हात कधी बसेल, असं तुम्ही विचारलंय. सुरुवात दुसऱ्या प्रश्नापासून करतो, कारण बहुतेकांचा छंद तिथेच सुटतो. हस्ताक्षराची काळजी मात्र आत्ताच सोडून द्या. हस्ताक्षर ही वेगात लिहिण्याची सवय आहे. सुलेखनात एकेक अक्षर तीन-चार सुट्या फटकाऱ्यांनी, थांबत थांबत काढायचं असतं. त्या दोन गोष्टींचा एकमेकांशी फारसा संबंध येत नाही.

अक्षर परकं दिसतं ते निबच्या कोनामुळे. रोमन अक्षरांसाठी निबची धार डावीकडे खाली आणि उजवीकडे वर अशी तिरकी धरतात. देवनागरीत ती नेमकी उलट हवी: धारेचं डावं टोक वर, उजवं टोक खाली, कोन ४५ अंश. संचात बहुधा रोमन पद्धतीची सरळ कापाची निबं येतात. उजव्या हाताने ती सहज धरली की धार आपोआप रोमन कोनात बसते. मग जिथे जाड रेघ हवी तिथे बारीक येते आणि बारीक हवी तिथे जाड.

तुमचं निब बरोबर बसतंय का, हे तपासायला अक्षर काढायचीही गरज नाही. आधी एक उभी आणि एक आडवी रेघ काढा. दोन्ही सारख्याच जाड आल्या तर कोन ४५ अंशांचा आहे. ५ मिलिमीटरचं निब असेल तर दोन्ही रेघा साधारण साडेतीन मिलिमीटर जाड येतील. मग दोन तिरक्या रेघा काढा. उजवीकडून वरून डावीकडे खाली येणारी रेघ पूर्ण ५ मिलिमीटर जाड हवी आणि डावीकडून वरून उजवीकडे खाली जाणारी केसासारखी बारीक. हे उलट आलं तर निब रोमन कोनात धरलंय. दर वेळी बसल्यावर पहिलं एक मिनिट या चार रेघांना द्या.

उजव्या हाताने लिहिणाऱ्यांनी देवनागरीसाठी तिरका कापलेलं निब किंवा बोरू (काडी कापून केलेली लेखणी) घ्यावा. टोक आपल्यापासून दूर धरून वरून पाहिलं तर त्याची डावी बाजू लांब आणि उजवी आखूड दिसली पाहिजे. डावखुऱ्यांना इथे फायदा आहे. त्यांच्या हाताच्या ठेवणीमुळे साधं सरळ कापाचं निबच देवनागरीच्या कोनात बसतं. डावखुऱ्यांसाठी म्हणून विकतात ती तिरकी निबं रोमनसाठी असतात, ती घेऊ नका.

निबवर खर्च करण्याआधी दोन आठवडे जोडपेन्सिल वापरा, असं मी आग्रहाने सांगेन. दोन पेन्सिली शेजारी-शेजारी धरून वर आणि खाली अशा दोन रबरबँडांनी घट्ट बांधायच्या. उजव्या हाताने लिहीत असाल तर डावीकडची पेन्सिल अर्धा सेंटिमीटर पुढे काढा. दोन टोकांमधलं अंतर साधारण ८ मिलिमीटर भरेल. हीच तुमच्या निबची रुंदी समजा आणि अक्षर ५ सेंटिमीटर उंच काढा. दोन्ही टोकं कागदावर सतत टेकलेली असली पाहिजेत. इथे शाई नाही, ओघळ नाही, कागदाचा दोष नाही. अक्षर चुकलं तर ते कोनामुळे किंवा आकारामुळेच चुकलं, हे स्पष्ट दिसतं. शिवाय दोन समांतर रेघा एकमेकींना कुठे छेदतात त्यावरून बारीक भाग कुठे येतो तेही कळतं, जे शाईत झाकलं जातं.

आता आखणी. अक्षराची उंची नेहमी निबच्या रुंदीवरून ठरते. शिरोरेघेपासून पायापर्यंत ६ निबरुंद्या धरा, वर मात्रा-वेलांटीसाठी ३ आणि खाली उकारासाठी ३. ५ मिलिमीटरच्या निबला म्हणजे ३०, १५ आणि १५ मिलिमीटर. चार रुंद्यांत बसवायला गेलात तर 'क्ष', 'झ', 'ण' यांच्या पोकळ्या बुजतात. आठ-नऊ रुंद्या घेतल्या की अक्षर हडकुळं होतं आणि हात थरथरलेला लगेच दिसतो.

पहिलं अक्षर 'व' घ्या आणि त्यावर आठवडा गेला तरी जाऊ द्या. त्याचं पोट नीट बघा. डावा वरचा खांदा जाड, डावीकडे खाली वळताना रेघ केसाएवढी, आणि तिथून उजवीकडे वर दंडाला (अक्षराच्या उभ्या रेघेला) मिळताना पुन्हा जाड. हे सगळं कोन न बदलता, मनगट न फिरवता आपोआप यायला हवं. पोट एका दमात काढायला गेलात तर शेवटचा भाग निब वर ढकलत न्यावा लागतो. तेव्हा धातूचं निब कागदात रुततं आणि शाईचे शिंतोडे उडतात. म्हणून दोन फटकारे घ्या. पहिला दंडाच्या जागेपासून डावीकडे वळून खाली बारीक होईपर्यंत. दुसरा उजवीकडून, दंडाच्या जागेपासूनच, खाली डावीकडे येऊन त्या बारीक टोकाला मिळणारा. मग दंड. सांधा दिसला तर दुसरा फटकारा उशिरा घेतला, पहिली शाई वाळली होती.

'व' बसला की 'ब' आणि 'क' जवळजवळ फुकट मिळतात. पुढे 'प, ष, फ', मग 'त, न, ल', मग 'ग, म, भ', मग 'ट, ठ, ढ, द'. वर्णमालेच्या क्रमाने जाऊ नका, एका घडणीची अक्षरं एकत्र घ्या. 'अ, इ, झ, ज्ञ' शेवटी. 'ग, म, भ' यांच्या गाठी ही नेहमीची अडचण. गाठीचा आकार निबच्या एका छोट्या वळणातून यावा. बाहेरून रेघ काढून आत रंग भरल्यासारखी गाठ कायम सुजलेली दिसते.

शिरोरेघ शेवटी ओढा, अख्ख्या शब्दाची एका दमात. अक्षरं आधी काढली की त्यांच्यातलं अंतर डोळ्याला दिसतं. रेघ आधी असेल तर अक्षरं तिला लटकवली जातात आणि अंतर विसरलं जातं. (मोडीत उलट रीत होती. आधी ओळभर रेघ ओढायची आणि मग तिच्याखाली लिहायचं. पण तिथे भराभर लिहिणं हा हेतू होता.)

अंतरावर मी सर्वांत जास्त भर देतो. सुटी अक्षरं सुंदर आणि शब्द मात्र विस्कटलेला, असं झालं की दोष हमखास अंतराचा असतो. पट्टीने मोजून सारखं अंतर ठेवू नका. 'व'च्या पोटात जेवढी पांढरी जागा आहे, तेवढीच जागा दोन दंडांच्या मध्ये दिसली पाहिजे. 'गाव' लिहून बघा. 'ग'चा दंड आणि काना शेजारी-शेजारी उभे राहतात, ते जवळ आले की तिथे काळा पट्टा तयार होतो. 'र' आणि 'ट' यांच्या पायाशी मोकळी जागा असते, म्हणून पुढचं अक्षर थोडं आत सरकवावं लागतं. पण 'र'नंतर 'व' आला तर सरकवू नका, 'ख' वाचला जाईल. 'ख' काढताना याच कारणासाठी 'र'चा पाय 'व'च्या पायाला खाली जोडून घ्या. कागद वरची कड खाली येईल असा उलटा फिरवून लांबून पाहिलं की शब्द वाचला जात नाही, फक्त काळं-पांढरं दिसतं, आणि चूक लगेच सापडते.

'ल' आणि 'श' यांची रूपं एका कामात एकच ठेवा. मराठीसाठी पाकळीयुक्त 'ल' आणि देठयुक्त 'श' ही रूपं महाराष्ट्र शासनाने २००९ मध्ये निश्चित केली आहेत. संगणकावरचा फाँट समोर ठेवून नक्कल करणाऱ्यांच्या हातून हिंदी वळणाचे 'ल' आणि 'श' नकळत येतात. नक्कल करायचीच तर हाताने काढलेल्या अक्षरांची करा. र. कृ. जोशी, अच्युत पालव आणि कमल शेडगे या अक्षरकारांची कामं पाहा. त्यातल्या एका शब्दावर ट्रेसिंग पेपर ठेवून जोडपेन्सिलने तो गिरवा आणि निबचा कोन कुठे बदललाय ते शोधा.

शाई फुटण्याचं कारण बहुधा कागद असतो. कागद बनवताना शाई पटकन शोषली जाऊ नये म्हणून त्यावर खळ चढवतात. ती कमी असली की धागे शाई ओढून घेतात आणि कडेला केस फुटल्यासारखे दिसतात. सरावाला १०० ते १२० जीएसएमचा (जीएसएम म्हणजे एक चौरस मीटर कागदाचं ग्रॅममधलं वजन) गुळगुळीत कागद पुरतो. अंतिम कामासाठी ३०० जीएसएमचा, गुळगुळीत पृष्ठभागाचा जलरंगाचा कागद घ्या. कागद बदलूनही शाई फुटत असेल तर ती फार पातळ आहे. तिच्यात बाभळीच्या डिंकाचं पाणी थेंबाथेंबाने घाला आणि प्रत्येक थेंबानंतर रेघ काढून बघा. डिंक जास्त झाला तर रेघ वाळल्यावर चकाकते आणि घडीवर तडकते.

उलट तक्रारही येते: नव्या निबवर शाई टिकतच नाही, थेंब होऊन एकदम खाली पडते. नव्या निबवर गंज लागू नये म्हणून तेलाचा पातळ थर असतो. साबणाने किंवा थोड्या टूथपेस्टने घासून, धुऊन, कोरडं करून वापरा. दौतीत निब छिद्राच्या वर बुडवू नका. फळी ३०-४० अंश तिरकी ठेवली की शाई एकदम ओघळत नाही. आणि लाख असलेली जलरोधक काळी शाई फाउंटन पेनात कधीही भरू नका. आत वाळली की पेन गेलं. टाकाला आणि बोरूला ती चालते.

शुभेच्छापत्र तुम्ही महिना-दीड महिन्यात नक्की करू शकता. शब्द दोन किंवा तीनच ठेवा. आधी साध्या कागदावर शब्द पाच-सहा वेळा काढा. सर्वांत चांगला निवडून ट्रेसिंग पेपरवर घ्या, मागून मऊ पेन्सिल फिरवा, जाड कागदावर ठेवून कडक टोकाने फक्त दंड आणि पोटांच्या मधली रेघ उतरवा. पूर्ण बाह्याकार उतरवलात तर हात त्याच्या आत रंग भरायला लागतो आणि फटकारा मरतो. आखणीच्या रेघा २एच पेन्सिलने अगदी हलक्या काढा, कारण शाईखाली दबलेली पेन्सिल पुसता येत नाही. हाताखाली कोरा कागद असू द्या. तळव्याचं तेल लागलेल्या जागी शाई बसत नाही. खोडण्याआधी कागद रात्रभर वाळू द्या आणि घासण्याऐवजी मळता येणारा मऊ खोडरबर दाबून उचला. घडी कागदाच्या धाग्याच्या दिशेने घाला. कागद दोन्ही बाजूंनी हलका वाकवून बघा, जिकडे कमी विरोध करतो ती दिशा.

लाकडी पाटीला मात्र शाई वापरू नका, रेषांच्या बाजूने ती लाकडात धावते. २२० नंबरच्या पॉलिश पेपरने घासून प्रायमरचे दोन पातळ हात द्या, पुन्हा हलकं घासा, मग ॲक्रिलिक रंग आणि चपटा कुंचला. कुंचल्यालाही कोन तोच, ४५ अंशांचा. वरून वॉर्निश लावण्याआधी त्याच प्रायमर लावलेल्या तुकड्यावर एक अक्षर काढून, दिवसभर वाळवून, त्यावर वॉर्निशचा हात फिरवून पाहा. रंग ओढला गेला तर पाटीवर फवाऱ्याचं वॉर्निश वापरा, तीन-चार पातळ हातांत, प्रत्येक हात वाळल्यावर पुढचा.