देवयानी अभिमानी, गर्विष्ठ, अहंकारी की मानी?

प्रश्न असा आहे. राजा ययाती, त्याची पत्नी आणि शुक्राचार्यांची मुलगी देवयानी, आणि असुरराजाची मुलगी शर्मिष्ठा यांच्या महाभारतातील कथेवर लिहिताना एका वाचकाने देवयानीला ‘अभिमानी’ म्हटले. लेख वाचणाऱ्या स्नेह्याने ‘अभिमान ही चांगली गोष्ट असते’ असे सांगून तेथे ‘गर्विष्ठ’ सुचवले, तर दुसऱ्या कोणी ‘अहंकारी’ हाच नेमका शब्द असल्याचा आग्रह धरला. यांपैकी योग्य शब्द कोणता आणि हे शब्द एकमेकांच्या जागी चालतात का, असे विचारले आहे.

माझ्या मते या तिन्हींपेक्षा ‘मानी’ हा शब्द देवयानीला अधिक लागू पडतो. मात्र याचे कारण केवळ कोशात सापडणार नाही. कोशांत हे शब्द बहुधा एकमेकांचे अर्थ म्हणूनच दिलेले असतात आणि त्यामुळे ते एकाच भावनेच्या कमीअधिक मात्रा आहेत असा समज होतो. वास्तविक त्यांच्यातला भेद मात्रेचा नसून नात्याचा आहे. ती भावना जिवंत राहण्यासाठी समोर दुसरे माणूस लागते की नाही, आणि लागत असेल तर त्याच्याकडून काय हवे असते, हे पाहिले की शब्द वेगळे होऊ लागतात.

‘मान’ आणि ‘अभिमान’ हे दोन्ही शब्द ‘मन्’ म्हणजे मानणे, समजणे या धातूपासून आलेले आहेत. (गळ्याची मान हा शब्द निराळा, तो ‘मन्या’ या संस्कृत शब्दापासून आला असून स्त्रीलिंगी आहे, आणि आदराचा मान पुल्लिंगी आहे. ‘मान खाली जाणे’ या वाक्प्रचारात शरीराची मान असली, तरी मन दुसऱ्या मानाकडेच जाते.) ‘मान’ ही दुसऱ्यांनी द्यायची गोष्ट आहे. जुन्या वतनपत्रांत पाटीलकीबरोबर येणारे मानपान तपशीलवार लिहून ठेवलेले असत : होळीची पोळी आधी कोणी टाकायची, पोळ्याला कोणाचे बैल पुढे असायचे, विडा प्रथम कोणाला द्यायचा. मान हा असा चारचौघांत दिसणारा, मोजता येणारा आणि म्हणूनच हिरावून घेता येणारा हक्क होता. लग्नातल्या विहिणीच्या मानापर्यंत आपण तो आजही ओळखतो. ज्ञानेश्वरांनी ज्ञानेश्वरीच्या तेराव्या अध्यायात ‘अमानित्व’, म्हणजे मानाची हाव नसणे, उलगडताना ‘पूज्यता डोळां न देखावी । स्वकीर्ती कानीं नायकावी’ असे म्हटले आहे. मान डोळ्यांना दिसतो आणि कानांना ऐकू येतो, कारण तो बाहेरून येतो, हे त्या ओवीतच गृहीत आहे.

‘अहंकार’ याच्या उलट टोकाला आहे. सांख्य तत्त्वज्ञानाचा ग्रंथ असलेल्या सांख्यकारिकेतील चोविसावी कारिका (श्लोक) ‘अभिमानोऽहङ्कारः’ अशी सरळ व्याख्या करते, म्हणजे ‘हे मी, हे माझे’ असे मानणे हाच अहंकार. तेथे दुसऱ्या व्यक्तीची गरज नाही. एकटा माणूसही अहंकारी असू शकतो. संतवाङ्मयातला ‘देहाभिमान’ याच अर्थाचा आहे आणि गीतेच्या सोळाव्या अध्यायात आसुरी संपत्तीच्या यादीत, प्रचलित पाठानुसार, दंभ आणि दर्प यांच्या शेजारीच अभिमान येतो. (काही पाठांत तेथे ‘अतिमान’ आहे.) तेव्हा ‘अभिमान ही चांगली गोष्ट असते’ हे आजच्या मराठीपुरते खरे आहे. ‘मला तुझा अभिमान वाटतो’ असे आपण मुलांना कौतुकाने म्हणतो, आणि गर्वाचे घर मात्र खालीच असते. हिंदीत वाटणी जवळजवळ उलटी झाली आहे : तेथे ‘गर्व’ चांगल्या अर्थाने सर्रास येतो आणि ‘अभिमान’ला घमेंडीची छटा अधिक असते. मराठीत अलीकडे ‘मला गर्व आहे’ असे कौतुकाच्या प्रसंगी ऐकू येते ते या शेजारामुळे. मला तो वापर टाळावासा वाटतो, कारण त्याने आपल्याकडे स्पष्ट असलेला एक भेद पुसला जातो.

बंगालीने तर या शब्दाला तिसरेच घर दिले. तेथे ‘अभिमान’ म्हणजे आपल्या माणसाने दुखावल्यावर मनात धरलेला रुसवा. परक्याविषयी तो वाटूच शकत नाही. शरच्चंद्रांच्या कादंबऱ्या मामा वरेरकरांनी मराठीत आणल्या, त्या जगातील किती तरी नाती या एका भावनेवर तुटतात आणि जुळतात. तेथील ‘अभिमान’ आपण मराठी अर्थाने वाचला, तर पात्र विनाकारण ताठर वाटेल.

हा बंगाली अर्थ आकाशातून पडलेला नाही. संस्कृत काव्यशास्त्रात विरहशृंगाराचे पूर्वराग, मान, प्रवास आणि करुण असे चार प्रकार मानले आहेत, आणि त्यांतील ‘मान’ म्हणजे प्रेमातील कोप. साहित्यदर्पणकार विश्वनाथ त्याचे आणखी दोन भाग करतो : प्रणयातून उपजणारा आणि ईर्ष्येतून उपजणारा. असा मान धरणारी ती ‘मानिनी’. पारिजातकाचे फूल रुक्मिणीला मिळाले म्हणून रुसलेली सत्यभामा हे ईर्ष्यामानाचे सर्वपरिचित उदाहरण आहे. तिला फूल हवे होते असे म्हणणे अपुरे ठरेल. कृष्णाच्या मनात आपली जागा कोणती, याची चारचौघांना दिसेल अशी खूण तिला हवी होती, आणि म्हणून फुलावर समजूत न पटता स्वर्गातून अख्खे झाड आणावे लागले. इच्छा आणि मान येथे इतके एकजीव आहेत की एकाला दुसऱ्यापासून वेगळे काढता येत नाही. पंढरपूरची रखुमाईही रुसूनच दिंडीरवनात आली असे सांगतात, आणि तिला शोधत देव मागे आला. रुसव्याला मनधरणी लागते. मनधरणी करणारे कोणी नसेल, तर रुसवा उरतच नाही; त्याचा एक तर द्वेष होतो किंवा उदासीनता.

आता देवयानीकडे वळू. खांडेकरांच्या 1959च्या कादंबरीमुळे ही कथा मराठी वाचकाच्या घरची झाली आहे, परंतु शब्द निवडण्यासाठी मी महाभारताच्या आदिपर्वातील मूळ आख्यानाकडे जाईन. जलक्रीडेनंतर वस्त्रांची अदलाबदल होते आणि शर्मिष्ठा देवयानीला म्हणते की तुझा बाप याचना करणारा, स्तुती करणारा, दान घेणारा आहे. माझा बाप स्तुती करवून घेणारा, देणारा, कोणाचे न घेणारा आहे. मग ती तिला विहिरीत ढकलून निघून जाते. हे शर्मिष्ठेचे बोलणे शुद्ध गर्वाचे आहे. तिच्याजवळ काय आहे याचा तो गर्व असून, समोरचीकडून तिला काहीही नको आहे. देवयानीची प्रतिक्रिया वेगळी आहे. विहिरीतून ययातीने बाहेर काढल्यावर पिता तिच्याकडे येतो, तेव्हा ती त्याच्यासमोर मुख्यतः एकच प्रश्न ठेवते : शर्मिष्ठा म्हणाली ते खरे आहे का? विहिरीत ढकलल्यापेक्षा ते शब्द तिला अधिक लागले आहेत. जो दुसऱ्याचे कठोर बोल सहन करतो त्याने सारे जिंकले, असे शुक्राचार्य तिला समजावतात, पण तिचे समाधान होत नाही, कारण क्षमेने मान परत मिळत नाही. तो ज्याने हिरावला त्याच्याकडूनच परत यावा लागतो. म्हणून ती धन मागत नाही, देहदंड मागत नाही. हजार दासींसह शर्मिष्ठाच दासी म्हणून मागते. आणि शर्मिष्ठा समोर आल्यावर तिचेच शब्द तिला परत करते : स्तुती करणाऱ्याची मी मुलगी, मग स्तुती करवून घेणाऱ्याची मुलगी माझी दासी कशी होणार? या एका वाक्यासाठी मी ‘मानी’ हा शब्द निवडतो. अहंकारी व्यक्तीला शत्रूचे शब्द असे जपून ठेवावे लागत नाहीत.

याआधी शुक्राचार्यांचा शिष्य कच याने तिला नाकारले आहे, हेही विसरता येत नाही. तिची इच्छा नाकारली गेली तेव्हा तिने त्याला विद्या फळणार नाही असा शाप दिला आणि ऋषिपुत्र तुझे पाणिग्रहण करणार नाही असा उलट शाप घेतला. इच्छेचे दार तेथे बंद झाले आणि पुढच्या प्रत्येक नात्यात ती प्रेमाच्या जागी मान मागत गेली असे मला वाटते. ययातीशी विवाह करतानाही ती युक्तिवाद करते तो हात धरल्याच्या हक्काचा.

‘अहंकारी’ हे विशेषण या कथेत कोणाला द्यायचेच असेल, तर ते मी उत्तरकाळच्या ययातीला देईन. उपभोगाने कामना शमत नाही, तुपाने अग्नी वाढावा तशी ती वाढते, हे सांगणारा ययाती इच्छेपासून सुटतो, तप करतो, स्वर्गाला जातो. आणि तपात तुझ्या बरोबरीचा कोण, असे इंद्राने विचारताच देवांत, मानवांत, महर्षींतही कोणी नाही असे उत्तर देऊन खाली पडतो. कोणाकडून काही मिळावे असे त्याला तेव्हा उरलेले नाही, म्हणून तेथे ‘मान’ हा शब्द बसत नाही.

राहिला ‘मानिनी’. आजच्या मराठीत तो स्वाभिमानी स्त्रीसाठी वापरतात आणि त्या अर्थाने देवयानीला तो देता येईल. काव्यशास्त्रातल्या अर्थाने मात्र देताना थांबावे लागते. दासी म्हणून सोबत आलेल्या शर्मिष्ठेला ययातीपासून गुपचूप झालेली मुले त्याच्याकडे बोट दाखवून हाच आमचा पिता असे सांगतात, तेव्हा देवयानी उठून पित्याकडे निघते. घाबरलेला राजा समजूत घालीत तिच्या मागोमाग जातो. मनधरणीचा हा सारा देखावा काव्यातल्या मानिनीचाच आहे, परंतु देवयानी मागे फिरत नाही, कारण ती प्रेयसी म्हणून रुसलेली नसून हक्क हिरावला गेलेली पत्नी म्हणून न्याय मागायला निघाली आहे. तेथून पुढे शुक्राचार्यांचा शाप येतो आणि ययातीला अकाली वार्धक्य येते. म्हणून लेखात ‘मानी’ लिहावे, आणि ‘मानिनी’ लिहायचे झाल्यास ते कोणत्या अर्थाने हे त्याच वाक्यात स्पष्ट करावे.