लेकीची तपासणी आताच करावी का?

प्रश्न : धाकट्या जावेला गर्भाशयमुखाचा कर्करोग झाल्यापासून माझा जीव थाऱ्यावर नाही. लेक १३ वर्षांची आहे. तिची तपासणी करून घ्यावी का? (एक आई, गुहागर)

उत्तर : ताई, आपली काळजी रास्त आहे, पण किशोरवयात हा कर्करोग अत्यंत दुर्मीळ असतो आणि त्याला कारणीभूत असलेल्या ‘एचपीव्ही’ विषाणूचा संसर्ग बहुधा एक-दोन वर्षांत आपोआप नाहीसा होतो, म्हणून या वयात तपासणी नको. तिला लस मात्र अवश्य द्यावी. ९ ते १४ हे त्यासाठी सर्वांत योग्य वय आहे. आपण तिशी ओलांडली असल्यास तपासणी आपलीच व्हायला हवी. कापसाच्या बोळ्याने सौम्य ॲसिटिक आम्ल गर्भाशयमुखाला लावतात आणि पांढरा डाग उमटतो का, हे मिनिटभर थांबून पाहतात. जावेच्या आजारपणात स्वतःची तपासणी लांबणीवर टाकू नका, ही कळकळीची विनंती.