बाबांना वाचून दाखवायचं पान

प्रिय बाळ,
अनेक आशीर्वाद.

बाबांच्या एकसष्टीला शाल-श्रीफळाच्या जोडीला पत्र लिहायचं ठरवलंस, फार बरं वाटलं. तुझा मसुदा दोनदा वाचला. 'तुम्ही आमच्यासाठी खूप खस्ता खाल्ल्या' आणि 'तुमचे उपकार फिटणार नाहीत' ही दोन वाक्यं काढून टाक. ती खोटी नाहीत, पण कुठल्याही मुलीने कुठल्याही बापाला लिहावीत अशी आहेत. असं काही ऐकलं की बाप 'असू दे गं, त्यात काय' म्हणतो आणि विषय मिटतो. मसुद्यात एकच ओळ खास तुझी आहे: रबाळ्याच्या कंपनीतून आल्यावर त्यांच्या शर्टाला येणारा मशीनच्या ऑइलचा वास, आणि आंघोळ होईपर्यंत 'लांब राहा, फ्रॉक खराब होईल' म्हणणारे बाबा. पत्र तिथून सुरू कर.

पण लिहायच्या आधी त्यांना विचारून घे. माणसाला तीन-साडेतीन वर्षांच्या आधीचं जवळजवळ काहीच आठवत नाही. म्हणजे तुझ्या लहानपणाचा पहिला तुकडा तुझ्याकडे नाहीच, तो आईबाबांकडे आहे. तू कशाने रडायची थांबायचीस, रात्री कोण फेऱ्या मारायचं, हे त्यांनी सांगितलं तरच तुला कळणार. आभार मानायचे तर आधी कशाचे ते पुरतं माहीत हवं.

'माझं लहानपण कसं होतं?' असं विचारलंस तर 'छान होतं' एवढंच उत्तर मिळेल. वस्तू विचार, रस्ता विचार, तारीख विचार. ठाण्याहून ट्रान्स-हार्बरची लोकल २००४ मध्ये सुरू झाली. त्याआधी ते कळवा-विटाव्यावरून रबाळ्याला कसे जायचे, घरातून किती वाजता निघायचे, डबा कोण भरायचं? आणि २६ जुलै २००५ नक्की विचार. त्या दिवशी सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलीमीटर पाऊस झाला, गाड्या बंद पडल्या. तू पाच वर्षांची होतीस. ते घरी कधी आणि कसे पोचले, वाटेत काय खाल्लं, दार कोणी उघडलं? अशा दिवसाचं माणसाला बारीकसारीक आठवतं, आणि एक आठवलं की त्यामागून दुसरं येतं.

बोलणं रेकॉर्ड कर, पण त्यांना सांगून. फोन एअरप्लेन मोडवर टाक, नाहीतर ऐन रंगात कॉल येऊन रेकॉर्डिंग तुटतं. तो त्यांच्यापासून हातभर अंतरावर, दुमडलेल्या नॅपकिनवर ठेव. नुसत्या टेबलावर ठेवलास तर कपबशीचा आवाज त्यांच्या आवाजावर चढतो. पंख्याची घरघरही फार येते, म्हणून तेवढा वेळ तो बंद. उकाड्यात हे जमायचं तर सकाळी लवकर बसा, आणि एका बैठकीला ४० मिनिटं पुरे. पहिल्यांदा बाबा एकटेच असू देत. आई शेजारी असली की ती तपशील दुरुस्त करते आणि बाबा गप्प होतात. दुसऱ्या खेपेला मात्र दोघांना एकत्र बसव, तेव्हा तीच दुरुस्ती सोन्यासारखी असते. फाइलला त्याच दिवशी तारीख आणि विषयाचं नाव दे. एक प्रत फोनबाहेर ठेव, एक भावाकडे.

जुना अल्बम समोर असला की बोलणं आपोआप निघतं. तुमचा चिकट पानांचा आहे ना, त्यातले फोटो ओढून काढू नकोस. गोंद जुना झालेला असतो, ओढलं की फोटोचा कागद फाटतो. कोपऱ्यातून दात साफ करायचा दोरा हळूहळू सरकवून बघ. निघत नसेल तर अख्खं पानच ६०० डीपीआयवर स्कॅन कर. फोटोमागे नाव-साल लिहायचं तर मऊ पेन्सिलने. बॉलपेनचा ओरखडा पुढच्या बाजूला उमटतो. लॅमिनेशन तर नकोच, ते पुन्हा सोडवता येत नाही. भावाला व्हॉट्सअॅपवर पाठवताना 'डॉक्युमेंट' म्हणून पाठव, फोटो म्हणून पाठवलास तर बारीक तपशील जातो.

मग लिही. एकच पान, साधारण ३०० शब्द, हाताने. प्रसंग तीनच घे. बाबांनी काय केलं, त्या दिवशी त्यांना ते किती जड गेलं असेल, आणि आज तुझ्या कुठल्या सवयीत ते दिसतं, एवढं प्रत्येकात यावं. यातली दुसरी गोष्ट, किती जड गेलं ती, मुली सहसा विसरतात. बापाला नेमकं तेच कोणी पाहिलेलं नसतं. शिफ्टमुळे ते तुझ्या गॅदरिंगला येऊ शकले नाहीत, हे मसुद्यात तू झाकलंयस. झाकू नकोस, त्याचा आरोपही करू नकोस. रात्री घरी आल्यावर त्यांनी तुझा नाच पुन्हा करायला लावला, असं तूच लिहिलंयस. दोन्ही शेजारी शेजारी लिही.

हॉलमध्ये माइकवर हे वाचायचं नाही. चारचौघांत ते ओशाळतील, आणि लोकांसाठी चेहरा हसरा ठेवण्यातच त्यांचं लक्ष जाईल. मानसशास्त्रज्ञ मार्टिन सेलिगमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, असं पत्र स्वतः जाऊन समोर वाचून दाखवणाऱ्यांचं मन महिनाभर अधिक आनंदी राहिलेलं दिसलं. तेव्हा पत्र नुसतं हातात देऊ नकोस, वाचून दाखव. एकसष्टीच्या आदल्या दिवशी सकाळी ठाण्याच्या तलावपाळीला घेऊन जा. संध्याकाळी तिथे गर्दी आणि हॉर्न, सकाळी निवांत असतं. कट्ट्यावर शेजारी बसा, समोरासमोर नको. पाण्याकडे बघत ऐकणं त्यांना सोपं जाईल. व्हिडिओ काढू नकोस.

ते मध्येच तोडतील. 'अगं, होडीत बसलो तेव्हा तू रडली नव्हतीस, मीच घाबरलो होतो' असं काहीतरी म्हणतील. थांब, वाद घालू नकोस. कागद त्यांच्या हातात दे आणि समासात त्यांनाच लिहू दे. पेन्सिल बरोबर ने.

कळावे.