चाळीस पाठ उत्तरांविषयी

प्रिय,

इंटरव्ह्यूच्या तयारीची तुझी फाइल वाचली. चाळीस प्रश्न, चाळीस पाठ केलेली उत्तरं. मेहनत दिसते, पण त्यातली अडतीस बाजूला ठेव. 'परफेक्शनिस्ट असणं हाच माझा दोष' हे तर आधी खोड. टेबलाच्या या बाजूला बसून ते इतक्यांदा ऐकलंय की वाक्य सुरू झालं की माझं पेन आपोआप खाली जातं.

तू इंटरव्ह्यूला तोंडी परीक्षा समजतेस, म्हणून 'माहीत नाही' म्हणायची इतकी धास्ती. एका मुलाला आम्ही विचारलं होतं, एकाच महिन्याच्या दोन रिपोर्टांमध्ये बेरीज वेगळी येतेय, काय करशील? तो म्हणाला, "कारण आत्ता सांगता येणार नाही." मग कागद मागून घेतला, दोन रकाने आखले आणि म्हणाला, "आधी दोन्हींच्या तारखा कुठून कुठपर्यंत आहेत ते बघेन. मग एखादी नोंद दोनदा आलीय का." खरं सांगू? ते दोन रिपोर्ट आमचेच होते आणि उत्तर आम्हालाही सापडलेलं नव्हतं. त्याला घेतलं. ठोकून दिलेलं उत्तर मात्र पुढच्या एका प्रश्नात उघडं पडतं.

शब्दांचा प्रभाव ७ टक्के, आवाजाचा ३८ आणि चेहऱ्याचा ५५, हे तुला ज्या कुणी शिकवलं त्याने मूळ प्रयोग पाहिलेले नाहीत. मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट मेहराबियन यांच्या १९६७च्या प्रयोगांत लोकांना सुटे शब्द वेगवेगळ्या सुरांत ऐकवले, चेहऱ्यांचे फोटो दाखवले आणि बोलणाऱ्याच्या मनात आपुलकी आहे की नावड, एवढंच ओळखायला लावलं. त्यावरून कामाबद्दलची तुझी उत्तरं ७ टक्क्यांची ठरत नाहीत. नीट बस, डोळ्यांत बघून बोल, पुरे. आरशासमोरची तालीम थांबव.

'गप्पा रंगल्या म्हणजे काम झालं' हाही भ्रमच. मानसशास्त्रज्ञ पॉल सॅकेट आणि सहकाऱ्यांनी २०२२ साली जुन्या अभ्यासांची फेरतपासणी केली. सगळ्यांना तेच प्रश्न विचारून ठरलेल्या निकषांवर गुण देणाऱ्या मुलाखतींचा पुढच्या कामगिरीशी सहसंबंध (० म्हणजे काहीच नातं नाही, १ म्हणजे तंतोतंत) सरासरी ०.४२ निघाला, मोकळ्या गप्पांच्या मुलाखतींचा ०.१९. म्हणून बरीच पॅनेल आता कोरडी वाटतात. मी मान खाली घालून लिहीत असेन तर घाबरू नकोस, लिहिण्यासारखं काहीतरी मिळालंय. आणि ०.४२ म्हणजे १ नव्हे. आम्ही चुकतो. मी स्वतः एकदा गोड बोलण्यावर भाळून माणूस घेतला होता, तीन महिन्यांत त्याचं अर्धं काम माझ्याच टेबलावर आलं. जागा एक आणि लायक चौघं असतील तेव्हा तिघांना नकार जातोच. त्यातून स्वतःची किंमत काढत बसू नकोस.

शेवटी 'काही विचारायचंय?' म्हणतील, तेव्हा 'नाही' म्हणू नकोस. पहिल्या तीन महिन्यांत या माणसाकडून काय हवंय, ते विचार.

राहिलेल्या दोन उत्तरांपैकी प्रोजेक्ट लांबल्याचं मला आवडलं. पण त्यात सगळीकडे 'आम्ही' आहे. 'आम्ही उशीर ओळखला', 'आम्ही मार्ग काढला'. तू नेमकं काय केलंस? कुणाला फोन केलास, काय बदललंस, काय फसलं? तेवढं 'मी' लावून पुन्हा लिही आणि बुधवारपर्यंत पाठव.